महापूर आणि वादळी पावसानंतर सोलापूर जिल्ह्यातील कुटुंबांना मिळणारी मदत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराने करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्गही बंद ठेवावा लागला. तेव्हापासून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. रकमा प्रामुख्याने केंद्र शासनाने २०२२-२३ ते २०२५-२६ या कालावधीसाठी ठरवलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या दरांनुसार आहेत. त्यानंतरच्या आपत्तीसाठी अर्ज करताना चालू दर तहसील कार्यालयातून पडताळून घ्यावेत.

१. सोलापूर समुद्रापासून इतके लांब आहे. मग चक्रीवादळानंतरची मदत आम्हाला लागू होते का?

होते. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळाबरोबरच पूर, गारपीट, ढगफुटी, आग, दुष्काळ, दरड कोसळणे यांचाही समावेश आहे, आणि मदतीचे दर या सर्वांसाठी सारखेच आहेत. राज्याने त्यात अवेळी पाऊस, वीज कोसळणे, आकस्मिक आग यांसारख्या स्थानिक आपत्तींची भर घातली आहे, त्यामुळे वळवाच्या वादळात पत्रे उडाले तरी पंचनामा मागता येतो. शिवाय बंगालच्या उपसागरातील वादळे आपल्यापासून वाटतात तितकी दूर नसतात. १३ ऑक्टोबर २०२० रोजी काकीनाडाजवळ किनारा ओलांडलेले तीव्र कमी दाबाचे क्षेत्र तेलंगणातून सरकत दुसऱ्याच दिवशी सोलापूर परिसरावर आले. त्या पावसात पंढरपूरच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला होता.

२. पाणी घरात शिरले आहे किंवा नुकतेच ओसरले आहे. सर्वांत आधी कोणाला कळवायचे?

जिवाला धोका असेल तर ११२ हा क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षासाठी १०७७. पाणी ओसरल्यानंतर गावात तलाठ्यांना कळवावे. या पदाचे नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले असल्याने सज्जाच्या फलकावर तेच दिसेल. सोलापूर शहरात आदिला नदी किंवा शेळगी नाल्यालगतच्या वसाहतींतील रहिवाशांनी महापालिकेचे विभागीय कार्यालय आणि संबंधित तहसील कार्यालय अशा दोन्ही ठिकाणी कळवावे, कारण स्वच्छता आणि तात्पुरता निवारा महापालिकेकडे असला तरी आर्थिक मदत महसूल यंत्रणेमार्फतच मिळते. तोंडी सांगणे पुरेसे मानू नये. साध्या कागदावर अर्ज लिहून त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पुढे वाद झाला तर ही पोच सर्वांत उपयोगी पडते.

३. पंचनामा कोण करतो आणि तो झाला नाही तर काय होते?

पिकाचा पंचनामा तलाठी, ग्रामसेवक (आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’) आणि कृषी सहायक (आता ‘सहायक कृषी अधिकारी’) संयुक्तपणे करतात. घराचा पंचनामा तलाठी व ग्रामसेवक करतात, तर घर किती पडले याबद्दल शंका असल्यास अभियंत्याचे मत घेतले जाते. जनावरांच्या बाबतीत पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला लागतो.

सर्व मदत या एका कागदावर उभी असते. तहसीलदारांची यादी पंचनाम्यावरून तयार होते, आणि पंचनाम्यात ‘अंशतः’ लिहिले गेले असेल तर घर प्रत्यक्षात पूर्ण पडलेले असूनही पुढच्या कोणत्याही टेबलावर ते आपोआप ‘पूर्णतः’ होत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचून घ्यावा, वाचता येत नसेल तर घरातील मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावा, आणि कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या नमुन्यावर सही अथवा अंगठा देऊ नये. गट क्रमांक, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, घराचा प्रकार आणि पाणी घरात किती दिवस होते, या पाच नोंदी डोळ्यांखालून घालाव्यात. सही केलेल्या पंचनाम्याचे मोबाइलवर छायाचित्र घेण्यास कोणतीही आडकाठी नाही.

४. पंचनाम्याची माणसे येईपर्यंत घर तसेच ठेवायचे का? चिखलाचा वास सहन होत नाही.

तसेच ठेवू नये. कुजलेले धान्य आणि चिखल घरात ठेवून वाट पाहणे आरोग्याला घातक आहे. मात्र साफसफाईपूर्वी पुरावा तयार करावा. पाणी जिथपर्यंत चढले त्या रेषेवर भिंतीवर खडूने किंवा विटेच्या तुकड्याने खूण करावी, त्या खुणेशेजारी घरातील एका व्यक्तीला उभे करून छायाचित्र घ्यावे, म्हणजे उंचीचा अंदाज येतो. त्यानंतर प्रत्येक खोली दारातून, मग पडलेली भिंत बाहेरून आणि आतून, मग भिजलेले धान्य, कपाट, शिलाई मशीन, मुलांची पुस्तके अशा क्रमाने छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलमध्ये ठिकाण आणि वेळ नोंदवणारी सोय सुरू असेल तर उत्तम. शेजारच्या दोन कुटुंबांनी एकमेकांच्या खुणा पाहिल्या असतील तर साक्षीसाठी त्यांची नावे पंचनाम्यात घालण्याची विनंती करता येते.

पिण्याचे पाणी उकळून किंवा क्लोरीनचे द्रावण टाकूनच वापरावे. चिखलात वावरल्यानंतर ताप आणि अंगदुखी सुरू झाली तर लेप्टोस्पायरोसिसची शक्यता असते, त्यामुळे दुखणे अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सोलापुरातील छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात दाखवावे.

५. घराच्या नुकसानीसाठी नेमकी किती रक्कम मिळते?

सपाट भागात घर पूर्णतः पडले असल्यास, ते पक्के असो की कच्चे, १ लाख २० हजार रुपये. अंशतः म्हणजे किमान १५ टक्के पडझड झाली असल्यास पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये. झोपडी नष्ट झाल्यास ८,००० आणि घरालगतचा गोठा पडल्यास ३,००० रुपये. याशिवाय घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिले असेल, तर कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व घरगुती साहित्यासाठी २,५०० रुपये प्रतिकुटुंब मिळतात. ही निधीची मूळ मर्यादा आहे. राज्य शासन मोठ्या पुरानंतर स्वतंत्र निर्णयाने तीत भर घालते किंवा दोन दिवसांची अट शिथिल करते, त्यामुळे त्या-त्या वर्षीचा शासन निर्णय पाहणे आवश्यक असते.

१ लाख २० हजार आणि ६,५०० यांच्यामध्ये दुसरी पायरी नाही, हे लक्षात घेतले की प्रश्न ३ मधील ‘अंशतः’ या नोंदीचे वजन कळते. मातीच्या भिंती बाहेरून उभ्या दिसतात पण पाया खचलेला असतो. असे घर राहण्यास अयोग्य आहे असा अभियंत्याचा अहवाल लेखी मागावा.

६. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो. घर आमचे नाही, पण सामान सगळे गेले.

घराच्या पडझडीची रक्कम मालकाला मिळते, तर कपडे आणि भांड्यांची मदत प्रत्यक्ष राहणाऱ्या कुटुंबासाठी असते. पंचनाम्यात राहणारे कुटुंब म्हणून आपले नाव स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. भाडेकरार नसल्यास शिधापत्रिका, वीजबिल, गॅस जोडणीचा पत्ता किंवा मुलांच्या शाळेची नोंद दाखवावी. एकाच वाड्यात तीन कुटुंबे राहत असतील आणि चूल वेगळी असेल, तर तिघांचे पंचनामे वेगळे होणे योग्य आहे.

७. आमचे घर नदीकाठच्या सरकारी जागेत आहे. आम्हाला काहीच मिळणार नाही का?

घराच्या पडझडीच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असल्याचा सक्षम अधिकाऱ्यांचा दाखला ही अट निधीच्या निकषांतच आहे, त्यामुळे त्या रकमेत अडचण येते. परंतु मृत्यू, दुखापत, जनावरे, तात्पुरता निवारा आणि अन्नधान्य या बाबी जागेच्या मालकीवर अवलंबून नाहीत. उजनी धरणातून विसर्ग वाढला की पंढरपुरातील व्यासनारायण झोपडपट्टीतील कुटुंबांना हलवले जाते, त्या वेळी निवारा केंद्रात जागेचा उतारा मागितला जात नाही. निवारा केंद्राच्या नोंदवहीत कुटुंबातील प्रत्येकाचे नाव लिहिले जाईल याची खात्री करावी. घर खरोखर पाण्यात होते हे पुढे दाखवण्यासाठी ती नोंद उपयोगी पडते.

८. पिकाच्या नुकसानीची मदत कशी मोजतात?

नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. मूळ दर हेक्टरी कोरडवाहू पिकासाठी ८,५००, बागायतीसाठी १७,००० आणि बहुवार्षिक पिकासाठी २२,५०० रुपये असे असून मर्यादा दोन हेक्टरांची आहे. २०२५ च्या पुरानंतर राज्य शासनाने ७ ऑक्टोबर रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाणे व इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये जोडले. त्यामुळे एकूण आकडे अनुक्रमे १८,५००, २७,००० आणि ३२,५०० असे झाले. या दोन रकमा वेगवेगळ्या लेखाशीर्षांतून आणि वेगवेगळ्या वेळी जमा होऊ शकतात. खात्यात कमी पैसे आले असे वाटल्यास आधी ही शक्यता तपासावी.

‘अतिवृष्टी’ ठरण्यासाठी महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पावसाची नोंद लागते. पण पाऊस अहिल्यानगर किंवा धाराशिव जिल्ह्यात पडला आणि पाणी सीनेतून आपल्या शेतात आले, तर आपल्या मंडळातील पर्जन्यमापकाचा आकडा पाहण्याचे कारण नाही. २०२५ मध्ये नेमके हेच घडले. सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या धरणांतून येणाऱ्या पाण्याने सोलापूर जिल्ह्यातील गावे बुडाली. अशा वेळी पंचनाम्यात कारण ‘पूर’ असे लिहिलेले असावे.

९. पीक तर गेलेच, पण शेतातील मातीही वाहून गेली. काहींच्या शेतात उलट गाळ साचला आहे.

ही नोंद पिकाच्या नोंदीपेक्षा वेगळी आहे आणि बहुतेक जण तीच विसरतात. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ किंवा वाळू साचली असल्यास ती काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये, आणि जमीन खरवडून गेली किंवा नदीने पात्र बदलल्याने गेली असल्यास अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये असा दर आहे. गाळाची जाडी दाखवण्यासाठी खुणा केलेली पट्टी किंवा काठी जमिनीपर्यंत रोवून, शेताच्या तीन-चार ठिकाणी छायाचित्र घ्यावे. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरवडलेल्या जमिनीसाठी ४७,००० रुपयांखेरीज रोजगार हमी योजनेतून हेक्टरी तीन लाख रुपयांपर्यंतची कामे, तसेच गाळाने बुजलेल्या विहिरीसाठी ३०,००० रुपये जाहीर झाले. रोजगार हमीचा भाग रोख मिळत नाही. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे कामाची मागणी नोंदवावी लागते, म्हणून ग्रामसभेत विषय घेऊन गावाची यादी एकत्र पाठवणे सोयीचे ठरते.

१०. जनावरे वाहून गेली. शव सापडले नाही, तर मदत मिळते का?

दर असे आहेत : गाय किंवा म्हैस ३७,५०० रुपये, बैल ३२,०००, वासरू किंवा गाढव २०,०००, शेळी किंवा मेंढी ४,०००, कोंबडी प्रत्येकी १०० रुपये. मूळ निकषांत मोठ्या दुधाळ जनावरांसाठी तीनची मर्यादा आहे. २०२५ मध्ये राज्याने ती उठवली होती.

शव असल्यास पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडून शवविच्छेदन किंवा किमान पाहणी झाल्याशिवाय पुरू नये, आणि कानातील पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक दिसेल असे छायाचित्र जरूर घ्यावे. शव सापडले नाही तर तो बिल्ला क्रमांक, लसीकरणाची नोंद, दूध संकलन केंद्राची बिले आणि शेजाऱ्यांची साक्ष यांवर जनावराचे अस्तित्व सिद्ध करावे लागते. बिल्ला न मारलेल्या जनावरांच्या बाबतीत हेच अवघड जाते. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

११. दुकानात आणि मागावर पाणी गेले. व्यापाऱ्याला किंवा विणकराला काय मिळते?

हातमाग विणकर व पारंपरिक कारागिरांना अवजारांसाठी ५,००० आणि कच्चा माल, अर्धवट व तयार मालासाठी ५,००० रुपये अशी तरतूद आहे. यंत्रमाग कारखाने आणि दुकाने या तरतुदीत बसत नाहीत. दुकानांसाठी राज्य शासन स्वतंत्र निर्णय घेते, आणि २०२५ मध्ये ती मदत ५० हजार रुपयांपर्यंत जाहीर झाली होती. एका मागाची मोटर आणि ओल्या सुताचे गठ्ठे यांचाच हिशेब मांडला तरी ही रक्कम तोकडी आहे, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

म्हणून यंत्रमागधारकांनी प्रथम आपले कर्जखाते पाहावे. कॅश क्रेडिट किंवा मुदत कर्ज देताना बँक बहुधा तारण मालाचा विमा उतरवते आणि हप्ता खात्यातून वजा करते. चादर-टॉवेलच्या व्यवसायातील अनेकांना आपला माल विमा असलेला आहे याची कल्पनाच नसते. खातेउताऱ्यात विमा हप्त्याची नोंद शोधावी आणि पॉलिसीची प्रत बँकेकडून मागून घ्यावी. पुढील पायऱ्यांसाठी प्रश्न १८ पाहावा.

१२. घरातील व्यक्तीचा पुरात किंवा वीज पडून मृत्यू झाला. कोणकोणती मदत मिळू शकते?

निधीतून वारसांना चार लाख रुपये. त्यासाठी शवविच्छेदन अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि मृत्यूचे कारण आपत्तीशी जोडणारा सक्षम अधिकाऱ्यांचा दाखला लागतो. दुःखाच्या घाईत शवविच्छेदन टाळले जाते, आणि नंतर ‘बुडून मृत्यू’ की ‘पुरात वाहून मृत्यू’ यावर फाइल अडते. नातेवाइकांपैकी कोणीतरी एकाने तरी हे भान ठेवायला हवे. कायमचे अपंगत्व ४० ते ६० टक्के असल्यास ७४,००० आणि ६० टक्क्यांहून अधिक असल्यास अडीच लाख रुपये, तर गंभीर जखमी होऊन एक आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागल्यास १६,००० आणि त्याहून कमी काळासाठी ५,४०० रुपये मिळतात.

मृत व्यक्तीचे बँक पासबुक नीट चाळावे. दरवर्षी मे महिन्याच्या आसपास २० रुपये वजा झाले असतील तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे, ज्यात अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. ४३६ रुपयांची वजावट असेल तर ती जीवनज्योती विमा योजना आहे आणि तिचेही दोन लाख आहेत. हा विमा शासकीय मदतीच्या आड येत नाही. बँकेत दावा तीस दिवसांच्या आत दाखल करण्याचा प्रयत्न करावा. शेतकरी कुटुंबातील व्यक्तीसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करता येतो. मात्र त्याच घटनेसाठी शासनाची दुसरी मदत घेतली असल्यास ती अर्जात लपवू नये.

१३. व्यक्ती वाहून गेली, पण मृतदेह सापडला नाही. अशा वेळी?

पोलिस ठाण्यात बेपत्ता असल्याची नोंद त्वरित करावी आणि वाहून जाताना पाहणाऱ्यांचे जबाब तिथेच नोंदवून घ्यावेत. सामान्य कायद्याप्रमाणे सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास मृत्यू गृहीत धरला जातो. परंतु मोठ्या आपत्तीत शासन वेगळी कार्यपद्धती ठरवू शकते. उत्तराखंडात २०१३ च्या प्रलयानंतर चौकशी आणि हरकती मागवून बेपत्तांचे मृत्यू दाखले देण्यात आले. आपल्याकडे असा प्रसंग आल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करताना या उदाहरणाचा उल्लेख करावा, आणि सोबत कायदेविषयक मदत घ्यावी (प्रश्न २२).

१४. गावाच्या यादीत नाव आहे, शेजाऱ्याचे पैसे आले, आमचे नाहीत. असे का?

बहुतेक वेळा कारण दोनपैकी एक असते. पहिले, ई-केवायसी. यादीत नावापुढे विशिष्ट क्रमांक दिलेला असतो. तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करावे लागते. २०२५ च्या मदतीवेळी शेतकरी ओळख क्रमांक काढलेल्यांना यातून सूट देण्यात आली, तेव्हा तो क्रमांक काढून ठेवलेला बरा.

दुसरे, खाते. मदतीची रक्कम आपण तलाठ्यांना दिलेल्या पासबुकाच्या खात्यात नव्हे, तर थेट लाभासाठी आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. कित्येकांचे असे खाते म्हणजे जुने जनधन खाते किंवा पुण्यात कंपनीने उघडून दिलेले पगाराचे खाते असते, आणि पैसे तिथे पडून असतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहता येते. खाते बंद पडले असल्यास चालू खात्याच्या बँकेत थेट लाभाच्या जोडणीचा अर्ज द्यावा. पासबुकावर आधार क्रमांक छापलेला असणे म्हणजे ही जोडणी झाली असे नाही.

१५. सातबारा सामाईक आहे, आणि एका भावाचे निधन झाले आहे.

सामाईक खात्यात सर्व खातेदारांनी एकाच्या नावे संमतीपत्र दिले तर रक्कम त्याच्या खात्यात जमा होते, अन्यथा प्रत्येकाच्या हिश्शाप्रमाणे क्षेत्र लावून घ्यावे. मृत खातेदाराच्या नावावर मदत जमा होऊ शकत नाही, त्यामुळे वारस नोंदीचा अर्ज त्वरित करावा आणि त्याची पोच मदतीच्या अर्जाला जोडावी. भावाभावांत वाद असेल तर आपत्तीच्या काळात तो मिटण्याची वाट पाहू नये. आपल्या हिश्शापुरता पंचनामा मागावा.

१६. बँकेने मदतीची रक्कम जुन्या पीककर्जात वळती करून घेतली. हे चालते का?

नाही. मदतीच्या रकमेतून कोणतीही थकबाकी वसूल करू नये, असे शासन निर्णयांत वारंवार नमूद केलेले असते. शाखाधिकाऱ्यांना शासन निर्णयाचा दिनांक देऊन लेखी अर्ज करावा, प्रत तहसीलदार आणि जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना द्यावी. तरीही रक्कम परत न मिळाल्यास तीस दिवसांनंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ हा माहिती क्रमांक आहे. कर्जाचे पुनर्गठन हा वेगळा विषय असून त्यात हप्ते पुढे ढकलले जातात, कर्ज माफ होत नाही, आणि त्यासाठी सहीही द्यावी लागते. सही करण्यापूर्वी वाढीव व्याज किती होईल ते विचारावे.

१७. पीक विम्यासाठी ७२ तासांत तक्रार करायची राहून गेली. सगळे गेले का?

खरीप २०२५ पासून राज्यात एक रुपयातील योजना बंद होऊन पीक कापणी प्रयोगावर आधारित योजना आली, आणि स्थानिक आपत्तीची वैयक्तिक पूर्वसूचना देण्याची तरतूद त्या वेळी वगळण्यात आली. म्हणजे त्या हंगामात आपल्या मंडळाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनापेक्षा (विम्यासाठी ठरवलेल्या किमान उत्पादनापेक्षा) किती घटले यावर भरपाई ठरते आणि ७२ तासांचा प्रश्नच उरत नाही. नियम हंगामागणिक बदलतात, तेव्हा चालू हंगामाची माहिती १४४४७ या क्रमांकावर घ्यावी. सांगोला, पंढरपूर भागातील डाळिंब व द्राक्ष बागायतदारांचा फळपीक विमा हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतो, तो या योजनेपासून स्वतंत्र आहे. विमा मिळाला म्हणून प्रश्न ८ मधील शासकीय मदत नाकारता येत नाही.

१८. गाडी, घर किंवा दुकानाचा विमा आहे. काय काळजी घ्यावी?

पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. इंजिनात पाणी गेल्यावर किल्ली फिरवल्याने झालेले नुकसान सर्वसाधारण पॉलिसीत नाकारले जाते. केवळ त्रयस्थ पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीचे काही मिळत नाही. घरासाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि छोट्या व्यवसायासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसींत पूर आणि वादळ समाविष्ट आहे. कंपनीला त्वरित कळवून तक्रार क्रमांक घ्यावा आणि सर्वेक्षक येईपर्यंत खराब माल विकू किंवा फेकू नये. दावा नाकारला गेल्यास पुण्यातील विमा लोकपालाकडे एक वर्षाच्या आत दाद मागता येते, त्यासाठी शुल्क किंवा वकील लागत नाही.

१९. कागदपत्रे आणि नोटा भिजल्या आहेत.

सातबारा, आठ-अ आणि फेरफार महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा निघतात, आधार पुन्हा छापून घेता येते, खरेदीखताची प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेची दुय्यम प्रत पुणे विभागीय मंडळाकडून शाळेमार्फत मागवता येते. मूळ कागद भिजला असल्यास उन्हात धरू नये. सावलीत, दोन कोऱ्या कागदांमध्ये पसरून वाळवावा. नोटाही अशाच वाळवून कोणत्याही बँक शाखेत बदलून घ्याव्यात, तिथे आपले खाते असणे आवश्यक नाही. पन्नास रुपये व त्यावरील फाटक्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा एकसंध तुकडा शिल्लक असल्यास पूर्ण आणि ४० ते ८० टक्के असल्यास निम्मे मूल्य मिळते.

२०. मुलांची पुस्तके वाहून गेली, परीक्षा तोंडावर आहे.

मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. आपत्तीग्रस्त म्हणून जाहीर झालेल्या तालुक्यांत परीक्षा शुल्क माफीची सवलत दिली जाते, आणि त्या यादीसाठी शाळाच माहिती पाठवते.

२१. पंचनामा झाला, पण यादीत नाव नाही किंवा नोंद चुकीची आहे. तक्रार कुठे करायची?

प्रथम तहसीलदारांकडे लेखी हरकत द्यावी, सोबत छायाचित्रे आणि प्रश्न २ मधील पोच जोडावी. उपयोग न झाल्यास प्रांताधिकारी आणि मग जिल्हाधिकारी. जिल्हा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. ‘आपले सरकार’ तक्रार प्रणालीवरील तक्रारीला क्रमांक मिळतो, हा तिचा खरा फायदा. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज करून स्वतःच्या पंचनाम्याची प्रत आणि गावाची संपूर्ण यादी मागितल्यास तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अनुभव असा, की ‘मला मदत का मिळाली नाही’ असे विचारणाऱ्या अर्जापेक्षा ‘गट क्रमांक अमुक याच्या पंचनाम्याची प्रत द्यावी’ हा अर्ज लवकर कामी येतो.

२२. वकिलाचा खर्च झेपणार नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे पूर, दुष्काळ, भूकंप अशा सामूहिक आपत्तीतील पीडितांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्न मर्यादेच्या निकषात बसण्याची गरज नाही. सोलापूर जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा १५१०० या क्रमांकावर संपर्क साधावा. वारसा, बेपत्ता व्यक्ती, विमा आणि बँक वसुली या चारही बाबतींत ही मदत घेता येते.

२३. गावात एक जण मदतीचे फॉर्म शंभर रुपयांना भरून देत आहे. भरावा का?

भरू नये. पंचनाम्यासाठी विकत घ्यावा लागणारा कोणताही फॉर्म नसतो. मदत मंजूर झाल्याचे सांगून ओटीपी किंवा लिंक पाठवणारा फोन आला तर तो कापावा, आणि पैसे गेले असल्यास लगेच १९३० वर कळवावे.

२४. आम्ही पुण्यात कामाला आहोत, घर व शेत मोहोळ तालुक्यात आहे. पंचनाम्याला हजर राहू शकलो नाही.

हजर नसल्याने हक्क जात नाही. नातेवाइकाला अधिकारपत्र द्यावे आणि तलाठ्यांना फोनवर नव्हे, लेखी कळवावे. ई-केवायसी पुण्यातील आपले सरकार सेवा केंद्रातही होते. अडचण एकाच बाबतीत येते : वर्षभर बंद असलेल्या घरासाठी कपडे व भांड्यांची मदत मागताना ‘तेथे राहणारे कुटुंब’ हे दाखवणे कठीण जाते. घरात आई-वडील राहत असतील तर ती मदत त्यांच्या नावाने मागावी, कारण त्यांचे कुटुंब म्हणून स्वतंत्र अस्तित्व आहे.

२५. जूनमध्ये पीक गेले, दुबार पेरणी केली, सप्टेंबरमध्ये पुन्हा पूर आला. दोनदा मदत मिळेल का?

पीक मदत एका हंगामात एकाच वेळी दिली जाते, त्यामुळे त्याच क्षेत्रासाठी खरिपात दुसऱ्यांदा निविष्ठा अनुदान (म्हणजे हीच पीक मदत) मिळत नाही. परंतु पहिल्या वेळी फक्त एका गटाचे नुकसान झाले असेल आणि दुसऱ्या वेळी दुसऱ्या गटाचे, तर हेक्टरमर्यादेत उरलेल्या क्षेत्राची मागणी करता येते. माती वाहून जाणे, गाळ, विहीर, घर आणि जनावरे यांना ही हंगामाची अट लागू नाही. म्हणून दुसऱ्या पंचनाम्यातही या नोंदी पूर्ण करून घ्याव्यात, आणि पिकाची मदत आधीच मिळाली आहे या कारणावरून पंचनामाच नाकारला गेल्यास तसा नकार लेखी मागावा.